भपकेबाज शर्टाचा माणूस

त्या काळी पिवळाधमक शर्ट घालणारे पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तो त्यांतला एक. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात शिरला तो चुकूनच, शेजारच्या हॉलमध्ये पडदे टांगायला स्टूल हवं म्हणून. स्टूल परत द्यायला आला आणि मागच्या बाकावर बसला तो बसलाच. आता ती इमारतही राहिली नाही, पण आठवलं की तो वर्ग घेणाऱ्या बाईंना अजून हसू येतं.

बाई तेव्हा पंचविशीच्या, फिक्या कपड्यांतल्या, कुणी टक लावून बघितलं तर पार गोंधळून जाणाऱ्या. तो कापडाच्या दुकानांच्या दर्शनी काचा सजवायचा. बाईंच्या वर्गाची एक रीत होती, नवा शब्द शिकला की तो वर्गातल्याच कुणाला तरी लावून वाक्य करायचं. एकदा फळ्यावर शब्द आला, 'ऑस्टेंटेशस'. कुणालाच काही सुचेना, तेव्हा बाईंनी मागच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"यांचे शर्ट ऑस्टेंटेशस असतात. म्हणजे भपकेबाज."

वर्ग खो खो हसला. तोही हसला, पण जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी स्वारी राखाडी शर्टात आली. मग यायचीच बंद झाली. ती रिकामी जागा बाईंना खायला उठली. आपण हे काय करून बसलो... शेवटी सगळी भीड बाजूला ठेवून त्या त्याला शोधत एका कापडाच्या दुकानात गेल्या. तो काचेमागे, तोंडात टाचण्या धरून, रेशमी कापड उलगडत होता.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "तो शब्द नुसत्या रंगीत कपड्यांना नाही लावत. लोकांनी बघावं म्हणून मुद्दाम केलेल्या थाटाला लावतात. तुम्ही तसे नाही."

त्यानं टाचण्या काढल्या. "मग बरोबरच लावलात की."

"म्हणजे?"

"वर्गात येताना मुद्दामच तसे घालत होतो. लोकांचं सोडा... एकाच माणसाचं लक्ष जावं म्हणून. आणि त्या माणसालाच आवडत नाही म्हटल्यावर —"

"आवडत नाही असं कोण म्हणालं?" बाई बोलून गेल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या.

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "हे टोक जरा धरता का? एकट्याला आवरत नाही."

बाई काचेमागे चढल्या. बाहेर दोघंचौघं थांबले, त्यांत वर्गातलेही एक गृहस्थ होते. एरवी बाईंनी तिथून धूम ठोकली असती. आज मात्र त्यांनी कापड सोडून त्याचा हात धरला आणि सगळ्यांना खुशाल बघू दिलं.