चोरस्विच

हे खरं घडलंय. रात्र नव्हती, भर दुपार होती. गेल्या वैशाखातली, जळगावच्या पिंप्राळ्यातली. कुणाला पटो न पटो.

मोतीलालभाऊ गाड्यांचं वायरिंग करतात. तीस वर्षं झाली. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस.

स्वतःच्या गाडीला त्यांनी सीटखाली चोरस्विच बसवला होता. तो दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. चोराला पत्ता लागू नये म्हणून घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. काय म्हणावं या हुशारीला!

फाल्गुनात भाऊ सावद्याला केळीच्या ट्रकचं काम करत होते. इकडे बायकोच्या, मंजुळाबाईंच्या, छातीत कळ आली. मुलगी भूमिकानं आईला गाडीत शेजारी बसवलं, चावी फिरवली...

गाडी ढिम्म.

पप्पांचा फोन लागेना. रिक्षा मिळेपर्यंत आई गेली.

तेव्हापासून भूमिकाचं एकच पालुपद, मला गाडी चालू करता आली नाही. पोरीचं अन्न तुटलं. आणि भाऊंनी काय केलं? तेराव्यानंतर स्विच गुपचूप काढला, वायर सरळ जोडून टाकली. पोरीला सांगायला जीभच उचलत नव्हती.

त्या दुपारी एक जण गाडी विकत घ्यायला येणार होता. भाऊंनी चावी फिरवली.

टक.

नुसतं टक...

बॅटरी फुल. टर्मिनल घट्ट. फ्यूज शाबूत. रिले बदलली, अर्थिंग घासून लावलं. टेस्ट लॅम्प टेकवावा तिथं पेटत होता. सगळं ठीक होतं, तरी सेल्फ फिरेना. भाऊ घामाघूम झाले.

तेवढ्यात...

टिंग. टिंग. टिंग.

शेजारच्या सीटचा बेल्ट लावा, असं गाडी सांगत होती. तिथं माणूस बसला तरच ती सांगते.

सीट रिकामी होती.

गादी मात्र दबलेली...

भाऊंनी झटकन चावी काढून घेतली.

टिंग थांबलं नाही.

भूमिका ओट्यावरून उतरून आली. म्हणाली, "त्या दिवशीही अशीच अडली होती, पप्पा. माझंच काहीतरी चुकलं असणार."

भाऊंना राहवलं नाही. रडतच बोलले, "तुनी काही चूक नही, भूमी. चूक मनी शे. मी चोरस्विच लावला होता. तुला सांगितलं नव्हतं."

टिंग बंद झालं.

गादी हळूहळू वर आली...

आणि गाडी सुरू झाली. चावी भाऊंच्या मुठीत होती.

भूमिका घाबरली नाही. गाडीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "दोन महिने, पप्पा?"

संध्याकाळी ती चाळीसगावला मामाकडे निघून गेली. अजून फोन उचलत नाही.

भाऊंनी गाडी विकली नाही. सगळं वायरिंग तीनदा उकललं, बिघाड सापडला नाही. रोज दुपारी त्या रिकाम्या सीटशेजारी जाऊन बसतात, हाका मारतात.

मंजुळाबाई पुन्हा आल्या नाहीत. त्या पोरीसाठी आल्या होत्या, भाऊंसाठी नाही.