अन्टिल, अनलेस आणि एकशे चार पिल्लं

कासवली गावात एक टोपली वेड्यासारखी वागत होती.

काल संध्याकाळी अकरा वर्षांच्या वेणाने ती कासवाच्या अंड्यांच्या खड्ड्यावर स्वतःच्या हाताने पालथी घातली होती. आज उजाडताना येऊन बघते, तर टोपली बाजूला उताणी आणि खड्डा उघडा! कुंपणावर कावळे पंगतीला बसल्यासारखे रांगेत. तेवढ्यात वाळू हलली. इवलंसं काळं नाक वर आलं, आणि त्याच क्षणी पहारूने टोपली उचलून धप्पकन खड्ड्यावर पालथी मारली.

म्हणजे पिल्लं नव्हती तेव्हा टोपली उघडी, आणि आली तेव्हा बंद! वेणाला काही कळेना.

पहारू म्हणजे किनाऱ्यावरचा यंत्रमानव. गोष्ट आहे दोन हजार अडुसष्ट सालची, तेव्हा गावागावांत असे पहारेकरी होते. कासवलीची माणसं पाहुण्यांना सांगत, की आमचा पहारू माडाएवढा उंच आहे आणि एकदा त्याने वादळाला हटकून परत पाठवलं होतं. खरं तर तो दाराच्या चौकटीत आरामात मावायचा. जहाजातून उतरला तेव्हा त्याला मराठीही यायचं. पण खाऱ्या वाऱ्याने मराठीची चकती गंजली आणि उरलं फक्त इंग्रजी. तेही असं, की शब्द पडला की झेलायचा, पडेल तसा.

यंदा खड्ड्याची राखण वेणाकडे होती, म्हणून पहारू फक्त तिचाच आवाज मानत होता. आणि हा तिचा पहिलाच खड्डा.

वेणाने टोपली ओढून पाहिली, पण पहारूच्या हाताखालून ती हलेना. "पहारू, लिफ्ट द बास्केट!" ती ओरडली.

पहारू इंग्रजीत बोलला, ते मराठीत सांगायचं तर असं: "नुसतं 'उचल' चालत नाही. अंडीचोरसुद्धा एवढंच म्हणेल. मला मिश्र वाक्य (एका वाक्याला दुसरं वाक्य टेकवून केलेलं वाक्य) हवं. का उचलू, कधी उचलू, ते कळलं पाहिजे. काल तू दिलं होतंस तसं."

काल काय दिलं होतं? वेणाला ते पाठ होतं. मनात म्हणाली होती, 'पिल्लं बाहेर येत नाहीत तोपर्यंत टोपली पालथी ठेव.' मग एकेक शब्द निवडून इंग्रजीत घातला होता, "कीप द बास्केट डाउन अन्टिल द बेबीज डोन्ट कम आउट." एकही शब्द सुटला नव्हता!

टोपलीखालून खरवडण्याचा आवाज येत होता. सूर्य डोंगरावर आला. अजून तासाभरात वाळू तापणार होती, आणि तापल्या वाळूत कासवाचं पिल्लू फार वेळ जगत नाही.

वेणाने जोर लावून मोठं वाक्य केलं. 'जरी मी पालथी ठेव म्हटलं, तरी आता उचल.' तिने ते इंग्रजीत म्हटलं, "ऑल्दो आय सेड कीप इट डाउन, बट नाऊ लिफ्ट इट!"

पहारू तसाच उभा राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं.

"अरे, व्हॉट हॅपन्ड?"

"जोडणारे शब्द दोन आले, ऑल्दो आणि बट," पहारू म्हणाला. "दोन जोड म्हणजे तीन वाक्यं. तिसरं अजून आलं नाही. मी वाट पाहतोय."

वेणाला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने शेवटचा उपाय केला: घाबरवायचं. 'तू टोपली उचलली नाहीस तर पिल्लं मरतील.' "अनलेस यू डोन्ट लिफ्ट द बास्केट, द बेबीज विल डाय!"

"बाप रे," पहारू म्हणाला, आणि टोपलीवर पाय देऊन घट्ट उभा राहिला.

"काय गो, सकाळी सकाळी कुणाला शाळा शिकवतेस?" मागून आवाज आला. दाजीआजोबा! शेजारचे दाजी मयेकर आयुष्यभर बोलणारी यंत्रं बनवून गावी परतले होते. एकदा एका खेकड्याला व्याकरण शिकवलं आणि तो तेव्हापासून सरळ चालू लागला, असं ते शपथेवर सांगत.

"आजोबा, हा बिघडलाय! तुम्ही सांगा ना त्याला."

"माझं कोण ऐकतो? तुझा आवाज भरलाय त्यात. आणि बिघडलेला नाही तो. शहाणा आहे, म्हणून तर पंचाईत." दाजींनी एक काटकी उचलली आणि वाळूत लांब रेघ ओढली. रेघेच्या टोकाला एक शिंपला ठेवला. "ही रेघ म्हणजे वाट बघणं. हा शिंपला म्हणजे वाट संपली तो क्षण. रेघेवर पिल्लं काय करतायत?"

"येत नाहीत."

"आणि शिंपल्यापाशी?"

"येतात."

"आपलं 'तोपर्यंत' रेघेवर बोट ठेवतं, म्हणून आपण म्हणतो, येत नाहीत तोपर्यंत. इंग्रजीतलं अन्टिल थेट शिंपल्यावर बोट ठेवतं. तिथे काय होतं तेवढंच त्याला सांगायचं. तू काय सांगितलंस?"

"डोन्ट कम आउट... म्हणजे शिंपल्यापाशी पिल्लं येत नाहीत?" वेणा गोंधळून टोपलीकडे बघत राहिली. "म्हणजे, काल ती येत नव्हती, तेव्हा याला वाटलं वाट संपली, म्हणून याने टोपली उघडली! आणि आज ती यायला लागली, तर हा पुन्हा..."

"ती यायची थांबेपर्यंत दाबून ठेवणार. तुझा हुकूम तंतोतंत पाळला त्याने."

"पण मग 'नाही' न घालता मराठीत म्हणायचं तरी कसं?"

"आता म्हणालो की मी! थांबेपर्यंत. येईपर्यंत. अन्टिल म्हणायच्या आधी मनात 'येईपर्यंत' म्हण. 'नाही' आपोआप गळून पडतं."

"आणि अनलेस?"

"त्या लबाडाने 'नाही' आधीच गिळलंय. अनलेस म्हणजेच 'नाही तर'. तू वर आणखी एक डोन्ट घातलास. दोन 'नाही' एकमेकांना खाऊन गेले, आणि उरलं काय?"

"उचललीस तर मरतील." वेणाने जीभ चावली. "म्हणून याने पाय दिला! आणि ते ऑल्दो-बट?"

"आपल्याकडे 'जरी' आला की 'तरी' येतो, 'जेव्हा' आला की 'तेव्हा' येतो. जोडीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. इंग्रजीतलं उभयान्वयी अव्यय (दोन वाक्यं जोडणारा शब्द) एकटंच सगळं ओझं उचलतं. ऑल्दो घेतलंस तर बट घरी ठेवायचं. बरं, ऊन बघ."

ऊन कुंपणापर्यंत आलं होतं. खरवडण्याचा आवाज मंदावला होता. वेणाने डोळे मिटले. तोंडात पुन्हा पुन्हा डोन्ट येत होतं. तिने ते गिळलं.

"अनलेस यू लिफ्ट द बास्केट, द बेबीज विल डाय."

पहारूने चटकन पाय काढला. पण कालचा हुकूम अजून कायम होता, म्हणून टोपली तशीच होती.

'पिल्लं येईपर्यंत', ती मनात म्हणाली, आणि मोठ्याने: "कीप द बास्केट डाउन अन्टिल द बेबीज कम आउट."

पहारू वाकला. टोपलीच्या भोकांतून आत पाहिलं. "दे हॅव कम आउट," तो म्हणाला, आणि टोपली अलगद उचलली.

वाळूवर काळी बटणं सांडावीत तशी पिल्लं पसरली. वेणा आणि दाजी दोन्ही बाजूंनी कावळे हाकत चालले, मधून पिल्लं. वेणाने मोजली: एकशे चार. शेवटचं एक पाठीवर उलटलं होतं; तिने ते सरळ केलं, आणि पुढच्या लाटेने त्याला नेलं.

आठवड्याने दाजींनी पहारूच्या छातीत मराठीची नवी चकती बसवली. दुसरा खड्डा फुटायला दोन दिवस होते. पहारू ताठ उभा राहिला आणि घसा साफ केल्यासारखा आवाज करत मराठीत म्हणाला, "वेणाताई, जोपर्यंत पिल्लं बाहेर येतात, तोपर्यंत मी पहारा करीन. नंतर तुम्ही या."

"आणि यायच्या आधी कोण करील, कावळे?" वेणा म्हणाली.

पहारू गोंधळला. त्याचे दोन्ही डोळे लुकलुकले. "मी एकही शब्द सोडला नाही, ताई."

दाजी खो खो हसले. वेणाने मात्र वाळूतून एक काटकी शोधली, लांब रेघ ओढली आणि तिच्या टोकाला एक शिंपला ठेवला.

"बस इथे," ती म्हणाली. "ही रेघ म्हणजे वाट बघणं."