सोबतयादी

पाखरी गेली त्याच्या अकराव्या दिवशी स्नेहलताईंनी नव्या कुत्र्यासाठी सोबत केंद्राचा अर्ज भरला, आणि त्यांच्या नवऱ्याने, नागेशराव बिराजदारांनी, तो दोनदा वाचला. 'पसंतीची जात' या रकान्यात ताईंनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कारवानी, मादी, पिल्लू.'

पाखरी सोलापुरातल्या त्या घरात तेरा वर्षं होती. उंच, सडपातळ, बरगड्या मोजाव्यात अशी कारवानी. ताईंच्या केमोच्या दिवसांत ती त्यांच्या खाटेखालून हलली नव्हती. ती गेल्यापासून ताई दिवसातून एकच वेळ जेवत होत्या, तेही नागेशराव समोर बसले तर. त्यामुळे 'कुत्रं नको' म्हणायची नागेशरावांची छाती नव्हती.

एकेकाळी कुत्र्याची जात निवडणं ही मजेची गोष्ट होती म्हणे. घर केवढं, केस किती गळतात, पोराबाळांशी कसं वागतं, असं सगळं विचारून माणूस हवं ते पिल्लू घेऊन यायचा. दोन हजार पंचेचाळीस सालच्या साथीने ती मजा संपवली. हजारो एकटी म्हातारी माणसं बंद दारांआड गेली आणि त्यांची कुत्री त्याच दारांआड उपाशी मेली. ती चित्रं बघून देशाला आपली लाज वाटली आणि 'सोबत कायदा' आला. कायदा साधा होता. जे कुत्रं तुमच्यामागे उरेल, ते तुम्हाला मिळणार नाही.

पण कोण कोणामागे उरेल हे कळायचं कसं? त्यासाठी 'शेषघड्याळ' होतं. आपल्या प्रत्येक पेशीतल्या जनुकांवर बारीक रासायनिक ठिपके असतात. जगता जगता काही ठिपके पुसले जातात, काही नव्याने बसतात. या खुणांवरून माणसाचं वय काढता येतं, हे जुन्या शास्त्रज्ञांनाही माहीत होतं. शेषघड्याळ त्याच्या पुढचं सांगायचं. त्याला झालेलं वय कळत नसे, उरलेलं कळे. नळीत थुंकायचं, बस्स. नागेशरावांनी तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात रंगाई सांभाळली होती, त्यामुळे त्यांना हे चटकन कळलं. चादर हातात घेतली की ती अजून किती धुणी टिकेल हे ते सांगू शकत. चादरीला मात्र ते कधी ऐकवत नसत.

सरकारनेही उरलेल्या वर्षांचा आकडा माणसाला सांगायला बंदी केली होती. अर्जदाराला मिळायची फक्त 'सोबतयादी', म्हणजे त्याला पाळता येतील अशा जाती. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? ग्रेट डेन सात-आठ वर्षं जगतो, लॅब्राडोर बारा, कारवानी चौदा-पंधरा, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ होतं. यादीतलं सगळ्यात दीर्घायुषी कुत्रं कोणतं ते बघायचं, की झालं. कुणी डेन फिरवायला निघाला की गल्ली त्याच्याशी एकदम गोड बोलू लागे. लग्न जमवताना लोक पत्रिका विचारत नसत, "घरात कुत्रं कोणतं?" एवढंच विचारत.

स्नेहलताईंच्या गाठी जाऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणत, सगळं ठीक आहे. पण यादी डेनवर संपली तर? आपलं मरण कागदावर वाचून ही बाई एक वेळचं तरी जेवेल का?

मार्ग काढला तो अन्विताने, त्यांच्या एकुलत्या एक लेकीने. तिशीच्या अन्विताने लग्नाच्या फंदात न पडता एकटीनेच मूल होऊ द्यायचं ठरवलं होतं आणि सातव्या महिन्यात ती रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी आली होती. आई आंघोळीला गेलेली बघून तिने वडिलांना स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, त्यात काय एवढं? नळीत मी थुंकते की. आईच्या नावाचं लेबल चिकटवायचं, थुंकी कुणाची हे कोण बघतंय?"

"पकडलं तर?"

"ओळख तपासायला कायद्यानेच बंदी आहे. फक्त वर्षं बघतात. माझी आहेत चांगली पन्नास! आईला हवं ते कुत्रं मिळेल."

नागेशरावांना हसू आलं. पाखरी गेल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी ताईंची नळी मोरीत रिकामी केली, धुतली आणि लेकीच्या हातात दिली.

चार दिवसांनी ते एकटेच यादी आणायला गेले. केंद्रातल्या जीवशास्त्रज्ञ डॉ. फरहाना मुजावर यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हाच त्यांना काहीतरी खटकलं.

"काका, काकूंना पिल्लू नाही देता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "एक दहा वर्षांची लॅब्राडोर आहे. फार शांत. मालक परदेशी गेले तिचे."

"दहा वर्षांची? आणि लॅब्राडोर जगतो बारा."

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास त्यांच्या हाताशी सरकवला.

"बाकीची यादी?"

"एवढीच आहे."

नागेशरावांनी ग्लास न पिताच बाजूला ठेवला.

"गरोदर बाईचं घड्याळ चुकतं का हो?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी अर्जाकडे बघितलं. अर्जदाराचं वय त्रेसष्ट. मग त्यांनी नागेशरावांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उठून दार लावून घेतलं.

"कोणाची थुंकी होती, काका?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना ते रडले, आणि पासष्टीच्या माणसाने परक्या बाईसमोर रडावं याचीही त्यांना लाज वाटली नाही.

"गरोदरपणात ठिपके बदलतात," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "घड्याळ पुढे पळतं. पण वर्ष, फार तर दीड वर्ष. बाळंतपणानंतर मागेही येतं."

"म्हणजे दोनाची साडेतीन."

"मी आकडा सांगू शकत नाही."

"होणार काय आहे तिला? ते सांगा की! ते कळलं तर औषध तरी करू."

"घड्याळ कारण सांगत नाही, काका. किती उरलंय ते सांगतं, का ते नाही."

"मग सगळ्या तपासण्या करतो. मुंबईला नेतो."

डॉक्टर म्हणाल्या, "कायदा येण्याआधी चाळीस हजार लोकांवर पाहणी झाली होती. निम्म्यांना आकडा सांगितला, निम्म्यांना नाही. ज्यांना सांगितला त्यांनी सगळं केलं. तपासण्या, औषधं, नवस, परदेशात ऑपरेशनं."

"आणि?"

"दोन्हीकडची माणसं सारखीच गेली. फरक इतकाच की निम्म्यांनी उरलेली वर्षं भीतीत काढली. म्हणून तर आकडा झाकला."

"घड्याळ कधीच चुकत नाही?"

"शंभरात सात वेळा चुकतं."

त्या सातांना नागेशरावांनी घट्ट धरलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण काडीने कुणी तरल्याचं अजून ऐकिवात नाही, हेही त्यांना कळत होतं.

आता घरी काय न्यायचं? म्हातारी लॅब्राडोर नेली, तर ताई समजणार की आपलीच दोन वर्षं उरली, आणि अन्विताला खरं काय ते कळणार. काहीच न नेलं, तर त्याचा अर्थ त्याहून वाईट. दोघींनाही न मारणारं कुत्रं जगात एकच होतं. दुसऱ्या दिवशी ते लातूरकडच्या एका वस्तीवर गेले. तिथे अजून चोरून कारवानी पैदा करत. तिथून त्यांनी दीड महिन्याची मादी आणली, कानातल्या चिपमध्ये खोटी नोंद भरून.

ताईंनी पिल्लू पदरात घेतलं आणि इतक्या दिवसांचं दाटलेलं रडू त्यांना फुटलं. त्या रात्री त्या जेवल्या, दोन भाकऱ्या जेवल्या.

"म्हणजे मला पंधरा वर्षं तरी आहेत," त्या म्हणाल्या. "अहो, मग ते दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलात जाऊन सुया टोचून घ्यायचं थेर कशाला आता? बंद करते मी."

नागेशरावांनी हातातला घास ताटात ठेवला. ताईंची खरी वर्षं मोरीतून वाहून गेली होती, ती कुणालाच माहीत नव्हती. "तपासणी चालू राहू दे," ते म्हणाले. ताई हसल्या. यादीपुढे नवऱ्याचं कोण ऐकतं?

अन्विताने त्यांना अंगणात हलकेच कोपर मारलं. "बघा बाबा, तुम्ही उगीच घाबरत होता. पन्नास म्हटलं होतं की नाही मी?"

"हो," ते म्हणाले. "यादीत कारवानी सगळ्यात वर होती."

कारवानीचा एक स्वभाव आहे. ती घरात सगळ्यांशी नीट वागते, पण होते एकाच माणसाची. पिल्लाने चार दिवस घर हुंगलं आणि पाचव्या दिवशी अन्विताच्या पोटाला पाठ लावून झोपलं. नागेशराव त्याला उचलून ताईंच्या मांडीवर ठेवत, ते परत जाई. एकदा त्यांनी त्याला साखळीने बांधलं. ते इतकं ओरडलं की अन्विता रागावली, "असं काय करता बाबा? लळा लागला तर लागू दे की!" त्यांनी साखळी सोडली. तिच्या मागे मागे नाचत जाणारं ते पिल्लू बघताना त्यांना सोबत कायदा पहिल्यांदा नीट समजला.

पिल्लाला कुणीतरी सांभाळेल. बाळाचं काय?

ते परत डॉ. मुजावरांकडे गेले आणि स्वतःच्या थुंकीची नळी टेबलावर ठेवली.

"अजून एक कुत्रं, काका?"

"कुत्रं नकोय. बाळ दोन-तीन वर्षांचं होईल, तेव्हा त्याला आई नसेल. बाप नाहीच. बायकोचं किती आहे मला माहीत नाही. अठरा वर्षांचं होईपर्यंत कुणीतरी लागेल की नाही? अठरा वर्षं जगणारी जात कुठली, आणि ती माझ्या यादीत येते का, तेवढं बघून सांगा."

डॉक्टरांनी नियम सांगितला नाही. तासाभराने त्या कागद घेऊन आल्या, पण त्यांनी तो हातात दिला नाही, वाचून दाखवला. डेन होता. बॉक्सर होता. दहा-अकरा वर्षं जगणारी आणखी दोन-तीन नावं होती. तिथे यादी संपली.

"लॅब्राडोरचं पिल्लू?" नागेशरावांनी विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

ते मनात हिशेब करत असतानाच अन्विताचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता, मागे पिल्लू भुंकत होतं.

"बाबा, बाजारात आहात ना? मग पाळणा बघूनच या. हलका नको, चांगला सागवानी घ्या. आईला अजून सांगू नका, पण कारवानी आली त्या दिवशीच मी ठरवलंय. एवढी वर्षं हातात आहेत, तर मूल एकटं कशाला वाढवू? दोन वर्षांनी दुसरं होऊ देते. दोघांना पुरला पाहिजे पाळणा."

"बरं," नागेशराव म्हणाले.