लक्ष्मम्माचं फुलपात्र

तिजोरी उघडली आणि आत लाल मखमलीच्या एका डबीशिवाय काही नव्हतं. डबीचं झाकण उघडं होतं आणि पाटल्यांच्या जागी नुसता खळगा होता.

कोर्टानं नेमलेल्या वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरी सोनं दिसेना.

"कुलूप तर धड आहे," ते पुटपुटले.

बंदोबस्ताला आलेल्या फौजदार सत्यभामा उंबरे पुढं झाल्या. हवालदारापासून वर चढलेली बाई. आवाज असा की भल्याभल्यांना घाम फुटावा, पण कुणी रडायला लागलं की हीच आधी रुमाल पुढं करायची. तिजोरीवर पाण्यानं भरलेलं एक पितळी फुलपात्र होतं. वकिलांचा कोपर लागून ते कलंडलंच असतं. बाईंनी उचलून खिडकीत ठेवलं. पाण्यावर दोन-चार मुंग्या तरंगत होत्या.

बाहेर ओसरीवर शिवरंजनी बसली होती. तिनं बातमी ऐकली आणि आधार शोधावा तसा खांब धरला.

ईट गावात तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. नवरा शंभुलिंग शारजात नोकरीला. तिथं फ्लॅट घेतला, तो एकट्याच्या नावावर. दोघांचं बिनसलं आणि शिवरंजनी मुलीला, आरोहीला, घेऊन भूमला भावाकडं आली. आता घटस्फोटाचा दावा चालू होता आणि त्यासाठी गावी आलेल्या शंभुलिंगनं तिकडं फ्लॅटला गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं. तिच्या वकिलानं स्पष्ट सांगितलं होतं, परदेशातली मालमत्ता अडवायची तर तिथंही वकील लावावा लागेल, त्याला पैसा लागेल. तिच्याकडं होतं ते फक्त माहेरचं सोनं, आणि ते सासूच्या तिजोरीत.

सासू लक्ष्मम्मा मात्र सुनेच्या बाजूची. "म्या हाय तवर तुज्या सोन्याला कुनी हात लावनार न्हाय," असं तिनं भर पंगतीत सांगितलं होतं. कोर्टाच्या माणसासमोर आपल्या हातानं सोनं द्यायचं तिनं कबूल केलं होतं.

आणि त्याच आठवड्यात लक्ष्मम्मा वारली. झटका आला, म्हणाले.

"किल्ली कुठं होती?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"अव्वाच्या कमरेला. कायम." शंभुलिंग पुढं आला. आईला तो अव्वा म्हणायचा. पांढरा स्वच्छ शर्ट, दाढी वाढलेली. "मयताला आंघोळ घालताना हिनंच काढली. तेव्हा घरात बायकांची गर्दी होती. हिचा भाऊ बसवेश जीप घेऊन दारात उभा. मी काय बोलणार?"

"बोललातच की."

"माझी बॅग बघा, गाडी बघा. घराचा कोपरा न् कोपरा बघा. मला काही लपवायचं नाही."

बाईंनी खरंच बघितलं. बॅग, गाडी, धान्याच्या कणग्या, माळवद, सगळं. काही सापडलं नाही. झडतीत शंभुलिंग स्वतः पुढं होऊन दारं उघडत होता. इतका हौशी संशयित बाईंनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

घरामागं शेळ्या बांधल्या होत्या. वैरण समोर तशीच, आणि दोन शेळ्या दाव्याला हिसके देत गव्हाणीमागची जमीन चाटत होत्या. बाई वाकल्या. मातीत पांढरे खडे मिसळले होते.

"मिठाला चटावल्यात," मागून म्हातारे बसप्पा म्हणाले. लक्ष्मम्माचे यजमान. डोळे सुजलेले. "कोन वतलं हितं, काय म्हाईत."

"त्या दिवशी तुम्ही कुठं होतात, काका?"

"येडशीला. पाहुण्यात लगीन होतं. फोन आला तवा निघालो. आलो तर जीव गेल्याला." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "माती देऊन आलो न् तिजोरीच्या खोलीला म्याच कुलूप घातलं. ते आजच काढलं."

"शेवटी जवळ कोण होतं?"

"शंभू. त्याच्या हातचं पानी पिऊन गेली म्हनं. तेवढंच समाधान."

"मातीला रुद्रभूमीत नेलं?"

म्हातारे घुटमळले. "न्हाय. आमच्या घरचे समदे तितंच पुरल्यालं हायत. तिचीबी सासूच्या शेजारची जागा ठरल्याली. पर पोरगं हटून बसलं, अव्वाला आपल्याच रानात ठेवायचं. दुःखातल्या पोराला कोन न्हाय म्हनंल?"

बाईंनी मान हलवली आणि ओसरीवर आल्या. शिवरंजनीला आंघोळीबद्दल विचारलं.

"किल्ली मी काढली, मामंजींच्या हातात दिली. तिजोरीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. शपथ घेते."

"शपथ नको. तुमच्या सासूबाई पाणी कशानं प्यायच्या?"

शिवरंजनी गोंधळली. "आत्यांचं स्वतःचं फुलपात्र होतं, पितळी. लग्नात माहेरहून आणलेलं, काठाला पोचा आलेलं. दुसऱ्या भांड्याला तोंड लावायच्या नाहीत. आजारपणातसुद्धा नाही. का हो?"

बाई पुन्हा तिजोरीच्या खोलीत गेल्या. खिडकीतल्या फुलपात्राच्या काठाला पोचा होता.

त्यांनी हवालदार धुळाप्पाला खोलीच्या दारात बसवलं. "मुंगीसुद्धा बाहेर जाता कामा नये," म्हणाल्या आणि मठात गेल्या.

महांतय्या स्वामींनी लक्ष्मम्माचे अंत्यविधी केले होते. थकलेले, शांत गृहस्थ.

"मयताला बसवतात तो खड्डा कुणी तयार केला?"

"खणला गड्यांनी. आतला कोनाडा मात्र शंभुलिंगनं स्वतः नीट केला. दुसऱ्या कुणाला उतरू दिलं नाही. मला बरं वाटलं. परदेशात राहून पोरगं सगळं विसरलं असेल असं वाटायचं."

"आणि विसरलं नव्हतं?"

स्वामी किंचित हसले. "थोडं विसरला होता. आपल्या लिंगायतांत प्रत्येकजण मूठ मूठ मीठ आणि विभूती वाहतो. यानं मिठाचं पोतं तसंच, तोंड शिवलेलं, आईच्या गुडघ्यापाशी ठेवलं. मी म्हटलं, अरे, फोड ते. तर म्हणाला, अव्वाजवळ राहू दे. लोकांनी मग घरून आणलेलं मीठ वाहिलं. त्या वेळी वाद कोण घालणार?"

सत्यभामाबाई तशाच उठून तहसील कचेरीकडं निघाल्या. उन्हाचा तडाखा असूनही.

तहसीलदारांचा हुकूम मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. सकाळी रानात सगळे जमले. तहसीलदार, कोर्टाचे वकील, स्वामी, बसप्पा, शिवरंजनी आणि तिचा भाऊ बसवेश. लक्ष्मम्माच्या मातीवर बेलाची पानं सुकली होती. भोवती नवं कोरं तारेचं कुंपण होतं आणि त्याच्या फाटकाला कुलूप.

"हे काय चाललंय?" शंभुलिंग ओरडला. "माझ्या आईला उकरणार? अप्पा, तुम्ही बघत काय बसलात?"

"आईंना कुणी हलवणार नाही," बाई म्हणाल्या. "मी सांगते ते ऐका, मग काकाच ठरवतील.

"शिवरंजनीचं सोनं तिच्या भावाच्या जीपमधून गेलं असं तुम्ही सुचवलंत. चूक. घरातून त्या दिवशी एकच गोष्ट बाहेर गेली जिची झडती कुणी घेणार नव्हतं. मयत, आणि मयताबरोबरचं सामान. कोर्टाचा माणूस येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. घर धुंडाळलं जाणार, बॅग धुंडाळली जाणार, विमानतळावर तर प्रश्नच नको. म्हणून मिठाचं पोतं उसवलं, अर्धं मीठ गव्हाणीमागं ओतलं, सोनं आत घातलं आणि पुन्हा शिवलं. माणसांनी ते मीठ पाहिलं नाही. शेळ्यांनी पाहिलं.

"रुद्रभूमीत माणसांचा राबता. तिथं नंतर उकरता आलं नसतं. म्हणून आई आपल्या रानात. गाव शांत झालं, बायको हरली, शारजाचा फ्लॅट विकला गेला, की कुंपणाचं कुलूप काढायचं आणि हात घालायचा. पोतं गुडघ्यापाशी ठेवलं ते त्यासाठीच. आई हलवावी लागू नये म्हणून. तेवढी लाज शिल्लक होती."

"बनवाबनवी आहे ही!"

बसप्पांनी मुलाकडं पाहिलं.

"उकरा," ते म्हणाले.

स्वामींनी मंत्र म्हटला. गड्यांनी समोरच्या बाजूनं हलक्या हातानं माती काढली. पोतं वर आलं, उसवलं गेलं, आणि मिठातून एक पाटली घरंगळत शिवरंजनीच्या पायाशी आली. मागोमाग तन्मणी, वाक्या, मोहनमाळ.

शंभुलिंगचा आवाज उतरला. "नवरा-बायकोचं भांडण आहे हे. माझ्याच घरातलं सोनं. यात चोरी कसली?"

"ते स्त्रीधन आहे, आणि त्याचं काय करायचं ते कोर्ट बघेल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अगदी हळू झाला होता. "मला पाण्याचं सांगा."

"कसलं पाणी?"

"आईंनी तुमच्या हातचं पाणी पिऊन प्राण सोडला, असं तुम्ही वडिलांना सांगितलंत. त्या फक्त आपल्या फुलपात्रानं प्यायच्या. ते काल मला तिजोरीवर सापडलं. भरलेलं."

बाई एक पाऊल पुढं आल्या.

"त्यांना कळ आली. त्यांनी पाणी मागितलं. तुम्ही फुलपात्र भरून आणलंत, आणि कमरेची किल्ली दिसली. ती सोडवून घेतलीत. कुलूप काढायला दोन्ही हात लागले, म्हणून पाणी तिजोरीवर ठेवलंत. किल्ली परत जागेवर गेली. पाणी गेलं नाही. पुढं गर्दी झाली, आणि मग खोलीला कुलूप लागलं."

शंभुलिंग दोन पावलं मागं सरला. "ती... ती तशीही गेलीच असती. डॉक्टर काय करणार होता?"

त्या वाक्यावर बसवेश त्याच्या अंगावर धावला. धुळाप्पानं दोघांच्या मधे शिरून शंभुलिंगचं मनगट धरलं.

बसप्पा जागचे हलले नाहीत. "किती येळा मागितलं तिनं?" त्यांनी विचारलं. "पानी. किती येळा मागितलं, शंभू?"

धुळाप्पानं शंभुलिंगला पुढं ढकललं. त्याला पोलिसांच्या जीपकडं नेलं तेव्हाही म्हातारे तेच विचारत होते.

"तुमचं सोनं," वकील शिवरंजनीला म्हणाले, "ओळखून घ्या. पंचनाम्यात नोंदवावं लागेल."

तिनं ऐकलंच नाही. ती बांधावरच्या हौदाकडं गेली, दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि सांडू न देता, पावलं मोजल्यासारखी, परत आली. गुडघे टेकून तिनं ते पाणी उघड्या मातीत सोडलं.

"घ्या आत्या," ती म्हणाली. "उशीर झाला मला."

सोनं मिठात तसंच पडून होतं. सत्यभामाबाईंनी टोपी काढली आणि तिला आणखी एक ओंजळ आणू दिली.