खिडकीपाशी इथे गं

पट : २०. हजर : २०.

हे आकडे खोटे आहेत. बाकी सगळं खरं आहे.

नफीसा बुबेरे माझ्या खालाची, म्हणजे मावशीची मुलगी. तिनं हे मला भर दुपारी, अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या रसाच्या दुकानात सांगितलं. नफीसा कविता करते. कविता ऐकवताना ती हसते.

हे सांगताना हसली नाही. एकदाही.

शाळेचं नाव लिहीत नाही. सोनिवलीच्या पुढे, नव्या टॉवरांच्या मागे एक पाडा आहे, तिथली. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली ते चौथी मिळून वीस पोरं. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद होणार, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मग पोरांनी मोठा रस्ता ओलांडून लांब जायचं. म्हणजे मुलांनी जायचं. मुलींनी घरी बसायचं.

नफीसा रुजू झाली त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या एकानं विचारलं होतं, "मॅडम, उर्दू शाळा समजून आलात काय?"

"नाही, मराठी शिकवायला आले. तुम्ही बसता का पहिलीत?"

तो हसला नाही. तीन वर्षं हसला नाही.

पोरं मात्र तिची झाली. सकाळी चारही वर्गांना एकत्र बसवून ती हजेरी घ्यायची, त्या हजेरीमुळे. ती नंबर पुकारत नसे. प्रत्येक पोरासाठी तिनं दोन ओळी रचल्या होत्या. पहिली बाईंची, दुसरी पोराची.

"हरेश, हरेश, काय रे?"

"गोठ्यात आमची गाय रे."

"वैष्णवी, वैष्णवी, काय गं?"

"चिखलात माझा पाय गं."

आणि चौदावी, तिसरीतली तुळशी. कायम खिडकीखाली, सतरंजीच्या कोपऱ्यात.

"तुळशी, तुळशी, कुठे गं?"

"खिडकीपाशी इथे गं."

पट : २०. हजर : १९.

दिवाळी झाली. तुळशीचं कुटुंब वीटभट्टीवर कामाला गेलं. दरवर्षी जातं, पावसाआधी परत येतं. नफीसानं गैरहजेरी मांडली. दुसरे शिक्षक, सुदाम सर, मुख्याध्यापकही तेच. त्यांनी रजिस्टर उलटं फिरवून तिच्यापुढे सरकवलं.

"हजर लावा, बुबेरे मॅडम. सलग गैरहजर दिसली की नाव कमी करा म्हणतील. एकोणीस झाले की संपलं. एक नाव आहे. कोणाला टोचतंय?"

तिनं लावलं. रोज. स्वतःच्या अक्षरात.

चूक तिथे झाली नाही. निदान फक्त तिथे नाही.

हजेरी घेताना तेरावरून ती पंधरावर गेली, की पोरं ओरडायची, "बाई, तुळशी राहिली!" म्हणून ती तुळशीची ओळ म्हणायची. दुसरी ओळ सगळी पोरं मिळून, गमतीनं म्हणायची.

नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला.

सोमवार, १३ जानेवारी २०२५. सकाळचे पावणेअकरा.

"तुळशी, तुळशी, कुठे गं?"

पोरं गप्प.

सगळी. एकदम.

आणि मग…

"खिडकीपाशी इथे गं."

एकच आवाज.

नफीसानं मान वर केली. कोपरा रिकामा होता. एकोणीस पोरं तिच्याकडे बघत होती. खिडकीकडे कोणीच बघत नव्हतं.

"कोण बोललं?"

"तुळशी," वैष्णवी म्हणाली. घड्याळात किती वाजले सांगावं, तशी.

पट : २०. पोरं : १९. आवाज : २०.

खिचडी शिजवणारी रखमा मोजूनमापून तांदूळ घ्यायची. कागदावर वीस, म्हणून वीस जणांचा. तुळशी गेल्यापासून एकाची खिचडी उरायची, ती रखमा घरी न्यायची. त्या आठवड्यात ती टोप घेऊन वर्गाच्या दारात आली.

"बाई, उरत नाय आता."

"पोरांना भूक लागत असेल."

"एकोणीस ताटल्या मीच वाढते ना." तिनं टोप आडवा करून दाखवला. आतून स्वच्छ. बोटांनी पुसून घेतल्यासारखा. "तुम्ही काय करता का वर्गात?"

"काय करणार मी?"

रखमा टोप घेऊन निघून गेली. संध्याकाळपर्यंत पाडा बोलत होता. दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा तो माणूस नफीसा समोरून गेल्यावर थुंकला. चार दिवसांनी शाळेच्या उंबऱ्यावर लिंबू. कापलेलं, कुंकू लावलेलं. ते तुळशीसाठी नव्हतं. नफीसासाठी होतं.

मग वैष्णवी एकदा त्या कोपऱ्यात बसायला गेली, आणि उडी मारून उठली.

"बाई, इथं भाजतं!"

नफीसानं सतरंजीवर हात ठेवला. जानेवारीची सकाळ. त्या खिडकीत ऊन येत नाही.

सतरंजी गरम होती…

भट्टीतून काढलेल्या विटेसारखी.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बनूबाई आली. तुळशीची आजी. भट्टीवरून एकटीच, एसटीनं. वर्गात आली नाही, दाराशीच उभी राहिली. पाड्यावरची म्हातारी माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात, तसंच बोलली.

"बाई, तू माझ्या पोरीचा नाव रोज घेतंस?"

"तुळशी कशी आहे?"

म्हातारी उंबऱ्यावर टेकली.

"संक्रांतीच्या आदल्या दिशी गेली. ताप होता तीन दिवस. भट्टीच्या बाजूलाच निजलेली."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी. तेरा तारीख.

"सगळा केला तिचा. दिवस घातला. कावळा शिवला नाय. भगत बोलला, पोरीला कोन तरी रोज हाक मारतंय. ती जाईल कशी?" बनूबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुला लेकरू नाय ना बाई? म्हनून माझा धरून ठेवलंस?"

नफीसा रजिस्टर घेऊन सुदाम सरांकडे गेली.

सुदाम सरांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मार्चपर्यंत थांबा. तपासणी होऊन जाऊ दे."

"सर, ती मुलगी मेली आहे."

"कागदावर नाही मेली. आणि मॅडम, हजेरी तुमच्या अक्षरात आहे. मी पाहिलेलीसुद्धा नाही." मग थोडं हसून, "तुमच्यात असतं ना ते, पढून फुंकायचं? फुंका की. जाईल."

"आमच्यात मेलेल्याला माती देतात, सर. हजेरी नाही."

त्या रात्री ती झोपली नाही. नाव ठेवलं, तर ती पोर तिथेच बसणार. गरम कोपऱ्यात, रोजच्या हाकेची वाट बघत. नाव काढलं, तर एकोणीस पोरांची शाळा जाणार. वैष्णवी घरी बसणार.

सकाळी तिनं लाल पेन घेतलं. चौदाव्या ओळीवर रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं : मयत.

पट : १९.

हजेरी सुरू केली. बारा. तेरा.

पंधरा.

कोणी म्हणालं नाही, "बाई, तुळशी राहिली."

पण खिडकीपाशी कोणीतरी श्वास आत घेतला. पोरं घेतात ना, आपली ओळ म्हणायच्या आधी…

तो श्वास बाहेर आला नाही.

सतरंजी गार झाली. टोपात खिचडी उरायला लागली. पुढे कावळा शिवला, असंही ऐकलं. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. पाड्यानं ठरवलं की बाईनं शाळा खाल्ली. नफीसावर चौकशी बसली, मग तिची बदली उल्हासनगरकडच्या शाळेत झाली. तिथे पोरं पुष्कळ आहेत. ती नंबर पुकारते. वैष्णवी धाकट्या भावाला सांभाळते.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

मागच्या महिन्यात नफीसा शेअर रिक्षात मागे एकटीच बसली होती. दुपारी अडीच वाजता. शेजारची सीट रिकामी. तिनं पिशवी ठेवायला हात टेकला…

आणि ओढून घेतला. सीट विटेसारखी तापलेली होती.

मग अगदी कानाशी, पोरीच्या आवाजात, तिच्याच चालीवर :

"बाई, बाई, कुठे गं?"

तेव्हापासून रोज. भाजीच्या गाडीवर. नमाजला उभी राहिल्यावर. नवीन कवितेची पहिली ओळ लिहिली की लगेच. एकदाच विचारते, आणि थांबते. हजेरी घेणारा थांबतो तशी.

मी म्हटलं, "उत्तर देऊ नकोस."

"देत नाही." तिच्या ग्लासातला बर्फ कधीच वितळला होता. "पण यमक माझंच आहे. दुसरी ओळ आपोआप जिभेवर येते. दात दाबून धरावे लागतात."

ती गेल्यावर मी पिशवी उचलायला वाकलो. आमच्या दोघांच्या मधली खुर्ची सावलीत होती. तिच्यावर कोणी बसलं नव्हतं.

मी हात लावून पाहिला. लावायला नको होता.