कपाटातली आठ अंशांची चूक

प्रयोगशाळेचं दार ढकलून ती लगबगीने बाहेर आली नि थेट त्याच्यावरच आदळली. हातातल्या पेशी वाढवायच्या दोन झाकणबंद प्लेट्स निसटल्या... दोन्ही त्याने वरच्या वर झेलल्या.

"यात काय, विषाणू?"

"यीस्ट, पाव फुगवतं ते. विषाणूचं फक्त एक प्रथिन आहे आत. चावत नाही."

"मग तुम्ही का चावायला उठलात?"

हसायचं नव्हतं, तरी तिला हसू फुटलंच.

प्रयोगशाळेत तिला सगळे यीस्टबाई म्हणत. तो मेकॅनिक, पेशी उबेला ठेवायचं कपाट तपासायला तिच्याच तक्रारीवरून आलेला. ते प्रथिन असलं की यीस्टची पेशी लांबत जाते पण एकीच्या दोन होत नाहीत, हे तिला सिद्ध करायचं होतं. पण तीन महिने प्रथिन नसलेल्या पेशीही रेंगाळत होत्या. मग प्रथिनाला दोष द्यायचा कसा? सरांनी बजावलं होतं : महिनाअखेर निकाल नाही, तर विषय बंद.

त्याने आत स्वतःचा थर्मामीटर ठेवला. पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाहेर आकडा तीस दिसतोय, आत बावीसच आहे. आणि... मागच्या खेपेला हे तापमान मीच लावलं होतं."

"म्हणजे पेशी थंडीने रेंगाळत होत्या! माझे तीन महिने पाण्यात गेले!"

"हो. चूक माझी."

ना सबब, ना सारवासारव. सरांसमोरही त्याने तेच सांगितलं, लेखी दिलं. सरांनी दोन महिने वाढवून दिले.

मग तो रोज सकाळी तापमान बघायला येऊ लागला.

"रोज यायची गरज नाही हं."

"ठाऊक आहे," म्हणत त्याने एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "अरे वा! या बिनप्रथिनाच्या दोनाच्या चार झाल्या. आणि या काकड्या?"

"त्याच माझ्या प्रथिनवाल्या!" ती आनंदाने जवळजवळ ओरडलीच. खांद्याला खांदा लागला... दोघांपैकी कुणीच सरकलं नाही.

निकाल सरांना पटला, त्या दिवशी त्याने तक्रारीचा कागद पुढे केला. "सही करा. म्हणजे... उद्यापासून माझं काम संपलं."

तिने झोकात सही केली. त्याचा चेहरा पडला.

"आईला तुमच्याबद्दल सांगितलंय मी," ती कागदाकडेच बघत म्हणाली. "म्हणाली, चूक कबूल करणारा माणूस सहजासहजी मिळत नाही."

"आणि... तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मला तो आवडतो. रविवारी जेवायला घेऊन येते."