बर्फाखालून आलेला होकार

ज्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्याच वर्षी आम्ही तिघं हिमतळ्यावर गेलो. बाळं अजून महिन्याचीही नव्हती. त्यांचं करायला आई ताईकडे येऊन राहिली होती, आणि ताईचं घर नदीकाठी, तळ्याच्या बरोबर खाली. तळं डोंगरमाथ्यावर, बर्फाच्या भिंतीनं अडवलेलं. पाणी वाढलं की वरच्या चौकीतलं यंत्र खाली वस्तीत भोंगा वाजवायचं. ते यंत्र मुकं झालं होतं. ते पुन्हा बोलतं करायचं, एवढंच आमचं काम!

पुढे इंजिनियरबाई, मधे ओझं घेऊन मी, आणि मागे तारवाले दाजी, म्हणजे ताईचे यजमान. हत्यारांची पेटी खेचरावर होती. झुलत्या पुलावर फळी मोडली. खेचर गेलं! पेटी गेली! दरी इतकी खोल, की पडल्याचा आवाजसुद्धा वर आला नाही.

उरलं ते बाईंच्या पट्ट्याला अडकवलेलं, मुठीत मावणारं घडीचं अवजार. पक्कड, चाकू, कानस, पेचकस, करवत, सगळं एकातच दुमडलेलं. दाजी त्याला एकत्र कुटुंब म्हणायचे.

"एका घरात राहतात, पण एक बाहेर पडला की बाकीचे तोंड लपवून बसतात!"

"तुमच्या घरी असंच चालतं वाटतं?" मी म्हटलं.

"मेहुणीबाई, आमच्या घरी तोंड लपवणारा मी एकटाच!"

चौकीपाशी पोचलो तेव्हा सकाळ होती, पण धुक्यानं उजेड खाऊन टाकला होता. पत्र्याची एक खोली. मेजावर पेला, पेल्यात चहा गोठलेला. खुंटीवर कुणाचा तरी कोट थंडीनं असा ताठला होता, की आत माणूस उभा आहे असं वाटावं. मी त्याच्याकडे पाठ करायचं टाळलं.

बाईंचा एक नियम होता. अवजार ज्याच्या हातात, त्यानं काय करतोय ते मोठ्यानं म्हणायचं. जोडीदारानं तोच शब्द परत म्हणायचा, मगच पुढचं काम. एक तार चुकली तरी यंत्र जळायचं, म्हणून ही शिस्त. होकार द्यायचं काम दाजींचं. ते बाहेर खांबावरची तार बघायला गेले, धुक्यात दिसेनासे झाले. मी दाराशी उभी राहिले.

"झाकण काढलं!" बाई ओरडल्या.

"काढलं..." बाहेरून आलं.

"गंज खरवडला!"

"खरवडला..."

"बॅटरी जोडली!"

"जोडली..."

तेवढ्यात दाजी धापा टाकत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "तार जोडून आलो. बॅटरीला हात लावला नाहीत ना अजून?"

बाईंनी मान वर केली. "लावला. तुम्हीच तर होकार दिलात."

"मी? मी खांबाच्या पलीकडे होतो. तोंडात तार धरलेली. बोलणार कुठून?"

मग कोण बोलत होतं इतका वेळ?

बाई दारात आल्या. "कोण आहे?"

"आहे..." बर्फाच्या भिंतीखालून आलं.

"भिंतीखाली पोकळी आहे," बाई हळूच म्हणाल्या. "आपलाच आवाज परत येतोय."

"चला, तुमचं सगळं ऐकणारा एक तरी मिळाला!" दाजी म्हणाले. पण त्यांना स्वतःला हसू आलं नाही.

काम पुन्हा सुरू झालं. आता होकार दाजी देत होते, आणि त्यांच्यामागून तो दुसराही. पण तो बदलत चालला होता. आधी घोगरा होता. मग बारीक झाला. मग लहान मुलासारखा. बाईंचा हात थांबला.

"घागर भरत आली की तिचा आवाज कसा होतो?"

"बारीक," मी म्हटलं.

बाई जोरात ओरडल्या, "अहो!"

काहीच आलं नाही.

"पोकळी पाण्यानं भरली!" बाई किंचाळल्या. "भिंत आता सुटणार!"

पाणी मोजणारा तरंगता डबा गोठला होता, यंत्राला धोका कळणारच नव्हता. बाईंनी पक्कड उघडली आणि भोंग्याच्या तारा जोडायचे दोन्ही खिळे तिच्या जबड्यात एकदम दाबून धरले. भोंगा चालू झाल्याचा दिवा लागला! हात सैल पडला की विझायचा. मी वेणीची फीत ओढून काढली, दाजींनी तिनं पकडीच्या मुठी करकचून बांधल्या. दिवा टिकला!

पायाखालची जमीन थरथरली. चौकीच्या भिंतीवरच्या पेटीत वर्षभराची मोजमापं होती. बाई त्यांच्यासाठीच या कामावर आल्या होत्या. पेटी चार पेचांनी घट्ट बसवलेली, आणि पेचकस त्या बांधलेल्या पकडीतच! दाजींनी बाईंकडे पाहिलं.

"राहू दे!" बाई म्हणाल्या. "पळा!"

आम्ही खडक चढलो. हात सोलले, गुडघे फुटले. खालून, फार खालून, भोंग्याचा बारीक सूर ऐकू आला. मग भिंत फुटली! चौकी, खांब, पेटी, अवजार, सगळं एका लोंढ्यात गेलं. पाणी जात होतं आणि आम्ही तिघं एकमेकांना घट्ट धरून बसलो होतो.

डोंगराला वळसा घालून खाली पोचलो, तेव्हा वस्तीतली माणसं टेकडीवर बसली होती. ताई भेटली. दोन्ही बाळं तिच्या मांडीवर होती, कोरडी. भोंगा वाजल्याबरोबर आईनं त्यांना उचलून वर आणलं होतं. मग अंथरुणाला खिळलेल्या शेजारणीला आणायला ती पुन्हा खाली गेली.

माझी आई त्याच दिवशी दुपारी पाण्यात वारली, शेजारीणही तिच्याबरोबर. जुळ्यांची नावं तोवर ठरली नव्हती.